भात शिजेपर्यंत निवाडा

माझ्या वडिलांच्या जिभेवर आमच्या भागातल्या सगळ्या तांदूळवाल्यांचा विश्वास होता, आणि त्या जिभेला मिठाचं वरण कोणतं आणि अळणी कोणतं एवढंही कळत नसे. हे गुपित घरातल्या तिघांनाच ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. तिघं म्हणजे बाबा, आई आणि मी. त्यातही मला ठाऊक आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं, म्हणजे गुपिताच्या पोटात माझं आणखी एक छोटं गुपित होतं आणि ते मी बरीच वर्षं मोठ्या ऐटीने सांभाळलं. बाबांची जीभ मेली होती ती खर्ऱ्याने. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोट घोट घोटायचा आणि गालात दाबायचा, हा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पुरुषांचा दिवसभराचा उद्योग. बाबांचा उजवा गाल मी कधी सपाट पाहिला नाही. एकदा आईने परीक्षा म्हणून लाखोळीच्या वरणात मीठच घातलं नाही, तर बाबांनी ते तीनदा मागून घेतलं आणि वर म्हणाले, "आज मस्त झालं वरन."

आमचं गाव मूलच्या पुढे, सिंदेवाहीच्या रस्त्याला. तलावांचा आणि धानाचा मुलूख. सकाळी राइस मिलचं इंजिन सुरू झालं की आमच्या स्वयंपाकघरातली ताटं मांडणीवर बारीक आवाजात थरथरायची, आणि संध्याकाळी ते बंद झालं की एकदम कानात काहीतरी पडल्यासारखं व्हायचं. हवेत कायम कोंडा उडत असे. वाळत घातलेल्या लुगड्यांवर कोंडा, केसांत कोंडा, शाळेच्या वहीच्या पानापानांत कोंडा. बाबा बाजारात मापारी होते. काट्यावर पोतं चढलं की ते आकडा पुकारायचे, पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे आणि मग दोन, तीन असा लांबलचक सूर लावायचे. त्या सुरात त्यांनी आयुष्यात कधी काट्याला बोट लावलं नाही, ही गोष्ट विकणाराही मान्य करी आणि घेणाराही. म्हणूनच तांदळाचे वाद त्यांच्याकडे यायला लागले.

त्याआधी असं नव्हतं म्हणतात. माझ्या जन्माच्या आधी दोन व्यापारी एका तांदळाच्या खेपेवरून कोर्टात गेले होते. पोती गोदामात बंद करून ठेवली, तारखा पडत गेल्या. निकाल लागेपर्यंत त्या तांदळात अळ्या पडल्या, अळ्यांची पाखरं झाली, पाखरं खिडकीतून उडूनही गेली, आणि दोघं रिकाम्या बारदानावरून भांडत राहिले. ते पाहून बाकीच्यांनी कानाला खडा लावला आणि आपसात ठरवून टाकलं, की मालाचा वाद झाला तर माल भरलेला ट्रक जागचा हलायच्या आत, त्याच दिवशी, दिवेलागणीपूर्वी पंचाने निवाडा द्यायचा. पंच एकच. त्याला दिवेलागणीपर्यंत निवाडा देता आला नाही तर त्याने पंचाची खुर्ची सोडायची. निवाडा द्यायची रीतही साधी होती. तांदळाबद्दल भांडता ना, मग शिजवा आणि खाऊन बघा. लोक याला चुलीवरची पंचायत म्हणत.

परवा माझा मुलगा सचिन, जो आता तांदूळ पार परदेशात पाठवतो, त्याने मोबाइलवर एक करारनामा उघडून मला वाचून दाखवला. वाद झाल्यास जलद लवाद. लवाद एकच. साक्षीपुरावा नाही, नुसत्या कागदपत्रांवरून निर्णय. ठरलेल्या मुदतीत निवाडा, आणि दोन्ही पक्षांची संमती असेल तर कारणं न देता. वाचताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता, की जगात हे पहिल्यांदाच कोणाला सुचलं असावं. मी म्हटलं, "अरे, हे सगळं तर तुझ्या आजोबांच्या ओसरीवर होतं. फक्त आम्ही कागद शिजवत नव्हतो." त्याला वाटलं म्हातारी नेहमीसारखी काहीतरी बोलते आहे. कारणं न देण्याचं कलम मात्र मी त्याला पुन्हा वाचायला लावलं आणि पोट धरून हसले. बाबांनीही कधी कुठल्या निवाड्याचं कारण दिलं नाही. देणार कुठून?

सौदा ठरला की तांदळाचा नमुना एका कापडी पिशवीत भरायचा. एक गाठ विकणाऱ्याने मारायची, तिच्यावर दुसरी घेणाऱ्याने, आणि ती पिशवी आमच्या घरी आणून द्यायची. आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला खुंट्याच खुंट्या होत्या आणि त्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या लटकलेल्या. इतरांच्या घरी भिंतीवर देव असतात. आईचा निम्मा जन्म त्या पिशव्यांवरून उंदीर हाकलण्यात गेला. मग माल ट्रकात चढताना घेणाऱ्याला शंका आली, की तो परखी घेऊन यायचा. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी; चार-दोन पोत्यांतून तांदूळ काढायचा आणि दोघांनी मिळून आमच्या ओसरीवर यायचं. आई शेजारशेजारच्या दोन चुली पेटवायची. एका चुलीवर पिशवीतला नमुना, दुसरीवर ट्रकातला तांदूळ. बाबा दोन्ही भातांचे तीन-तीन कोरडे घास खाणार, डोळे मिटून चावणार आणि सांगणार, की दोन्ही एकच आहेत का नाहीत. एकच असतील तर माल खरा, ट्रक जाणार. नसतील तर माल उतरणार, आणि मग तो मिलवाला हंगामभर मान वर करून बाजारात फिरत नसे. निवाडा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही पंचाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, नंतर मात्र दोघांनी एकाच परातीत जेवायचं. जेवताना घशाखाली घास उतरत नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

खरी पंच होती आई. भाताचं पाणी वेळून पेज काढताना ती भांड्यावर वाकायची, वाफ नाकात घ्यायची, एक शीत अंगठा आणि बोटात चिरडायची, पेजेचा एक थेंब मनगटावर टाकून तो किती पळतो ते बघायची. झालं. बाबा ओसरीवर घास तोंडात घालायच्या आधीच निवाडा लागलेला असे. तो बाबांपर्यंत पोचायचा पितळी तांब्यातून. आई ताटं घेऊन बाहेर येई आणि सोबत पाण्याचा तांब्या ठेवी. बाबांच्या उजव्या हाताशी ठेवला तर माल खरा, डाव्या हाताशी ठेवला तर खोटा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त एवढं पाहिलं होतं, की त्या तांब्यातलं पाणी बाबा कधीच पीत नाहीत. एकदा ऐन पंचायतीत त्यांना उचकी लागली. तांब्या हाताशी असताना ते उचक्या देत देत उठून आत माठापाशी गेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी दहावीत असतानाची गोष्ट. श्रावण चालू होता आणि भामरागडला मावशी बाळंत झाली होती. मावशीचे यजमान तिथे फॉरेस्ट गार्ड होते. आई आठ दिवसांसाठी म्हणून गेली, मागे नदी चढली, पूल पाण्याखाली गेला आणि आई तिकडेच अडकली. एसटीचा कंडक्टर दर दोन दिवसांनी येऊन सांगून जायचा, "पानी उतरलं नाई, बाई तिकडंच आहे." घरात मी आणि बाबा. मी करायचे तो भात खाली करपलेला आणि वर कच्चा असा दोन्ही गुणांचा व्हायचा आणि बाबा निमूट खायचे. बिनजिभेच्या माणसाला स्वयंपाक करून घालण्यासारखं सुख नाही. पावसाळ्यात वाद फारसे येत नसत, त्यामुळे बाबा निर्धास्त होते. पण रोज सकाळी उठले की आधी रस्त्याकडे बघायचे, आणि रस्ता रिकामा दिसला की मगच खर्रा घोटायला घ्यायचे.

एका दुपारी रस्ता रिकामा दिसला नाही. आमच्या दारात ताडपत्री बांधलेला ट्रक येऊन उभा राहिला. त्याच्यामागून तानबाजी आले, आमच्याच गावातले छोट्या राइस मिलचे मालक, वाळलेल्या काडीसारखा माणूस. आणि त्यांच्या मागे मोटरसायकलवर नखशिखांत भिजलेले मधुकरशेठ, चंद्रपूरचे तांदळाचे मोठे व्यापारी. शेठना भयंकर सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांमागे एक शिंक, आणि शिंक अशी की ओसरीवरच्या कोंबड्या उठून पळाल्या.

"भाऊ, तानबाजी मले चिन्नोर म्हनून हे देऊन राह्यला," शेठ परखीतला तांदूळ बाबांपुढे धरून म्हणाले. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा सुवासाचा तांदूळ, शिजायला लागला की शेजाऱ्याला कळतो. "नमुना दिला तवा कसा घमघमत होता. याले काई वासच नाई! उन्हाळी धानाचा तांदूळ मिसळला त्यानं."

"मायची आन, एक दाना नाई मिसळला," तानबाजी म्हणाले. "भाऊ, तुमी पाह्यजा. तुमच्या जिभेवर सोडलं म्या."

बाबांनी हात जोडले. "आज नाई जमत. कुंदाची माय घरी नाई."

"मायशी काय काम?" शेठ म्हणाले आणि शिंकले. "खायाचं तुमाले आहे. भात तं पोरगीबी शिजवते."

"दोन दिवस थांबा नं."

"ट्रक थांबन का? वरतून पानी, खालून पानी. हे पाहा भाऊ, तुमाले जमत नसन तं तसं सांगा. मी चंद्रपुरात वकील पाहातो, आन मंग पुढच्या बारीले सगळेच तिकडं जातीन."

ट्रकच्या ड्रायव्हरने, सिरोंच्याच्या पलीकडच्या पोचय्या नावाच्या माणसाने, खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "अरे, जल्दी बोलो, ताडपत्री फटा है!" बाबांनी आभाळाकडे पाहिलं, तानबाजींकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मग मला आत घेऊन आले आणि पिशव्यांच्या भिंतीशी उभे राहून, शाळेत पाढा न आलेल्या पोरासारखे, बोटांशी चाळा करत म्हणाले, "कुंदे, एक गोष्ट तुले सांगाची होती."

"तांब्याची नं?" मी म्हटलं. "उजवीकडं खरा, डावीकडं खोटा. मले ठाऊक आहे, बाबा."

बाबांनी अगदी हळू विचारलं, "पन तुले समजते का वासावरून?"

"समजते," मी म्हटलं. त्या वयात मला सगळंच समजत होतं.

चुली पेटवल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की आईने सरपण कुठे कोरडं ठेवलं आहे ते मला माहीत नाही. ओली लाकडं धुमसायला लागली, घरात धूर कोंडला, डोळ्यांतून आणि नाकातून एकदम पाणी. नमुन्याच्या पिशवीची गाठ दोघांच्या देखत सोडली आणि वाटीभर तांदूळ एका भांड्यात घातला. परखीतला तांदूळ दुसऱ्या भांड्यात घातला. दोन्हीत सारखं पाणी, अगदी डोळ्याला भांडं लावून मोजलेलं. शिजल्यावर दोन्ही भात वेळले, पेज दोन वेगळ्या गंजांत काढली आणि आईसारखी वाकून हुंगायला गेले तर नाकात नुसता धूर. नमुन्याचा वास येईना आणि ट्रकाचाही येईना. मग मनगटावर थेंब टाकले. नमुन्याची पेज सरसर पळाली. ट्रकातल्या तांदळाची पेज जाड, जागची हलेना. उन्हाळी धानाच्या ताज्या तांदळाची पेज जाड असते, हे मी आईकडून शंभरदा ऐकलं होतं. म्हणजे शेठ खरे बोलत होते आणि मायची आण घेतलेले तानबाजी खोटे. मला फार वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला. मी दोन्ही ताटं बाहेर नेली आणि तांब्या बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला.

बाबांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. ट्रकच्या पायरीवर बसलेला पोचय्या उठला, दोन्ही हात झटकले आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागला. आणि तानबाजी, जे आतापर्यंत ताठ बसले होते, ते भिंतीला टेकून एकदम लहान दिसायला लागले. निवाडा तर अजून व्हायचाच होता. शेठ मात्र शिंकण्यात गर्क होते. टॉवेल पांघरून कुडकुडत बसलेल्या त्या माणसाची मला दया आली. निकाल त्यांच्याच बाजूने लागणार होता, आता काय बिघडतं, असं म्हणून मी आत गेले, जाड पेज आजाऱ्याला चांगली म्हणून तीच पेलाभर घेतली, मीठ घातलं आणि गरम गरम त्यांच्या हातात नेऊन दिली. निवाड्याआधी पाणीसुद्धा न देण्याची रीत माझ्या डोक्यातून साफ उडाली होती.

बाबांचे घास संपले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "तं माह्या जिभेले जे वाटलं ते असं..."

"थांबा, भाऊ!" तानबाजी ताडकन उभे राहिले. "हे काय होय? शेठ तुमच्या घरचं पिऊन राह्यले! निवाड्याच्या आधी! आन मले पान्याचा घोटबी नाई! हा कोनता न्याय झाला? रद्द करा हे! मीच जातो आता वकिलाकडं!"

बाबांनी पेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता भामरागडच्या पुरात मीच वाहून जावं. शेठना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते पेल्यात नाक खुपसून बसले होते. त्यांनी एक घोट घेतला, वाफ ओढली, पुन्हा एक घोट, मग एक शेवटची दांडगी शिंक दिली. आणि मग डोकं वर करून, नाक मोकळं झालेल्या माणसाच्या तृप्त आवाजात म्हणाले, "वा! तानबाजी, हे पाह्य. याले म्हनतेत चिन्नोर. काय वास आहे! असाच तांदूळ मले पायजे होता. नमुन्याची पेज आहे नं व, बाई?"

"नाई," मी म्हटलं. "तुमी ट्रकातून आनला त्या तांदळाची."

शेठनी पेल्यात पाहिलं, पेला पुन्हा नाकाशी नेला. मग उठून परखीतले उरलेले चार दाणे तळहातावर चोळले आणि हुंगले. त्यांचे कान लाल झाले. तानबाजी अजून एक बोट वर करून उभेच होते. ते बोट त्यांनी हळूच खाली घेतलं, धोतर सावरून बसले आणि अत्यंत मायेने म्हणाले, "प्या शेठ, प्या. पंचाच्या घरचं कोनी नाई म्हनते का? पोरी, आनखी आन शेठले."

शेठ हसायला लागले, ते पाहून बाबाही हसले, पण बाबांचं हसणं अर्ध्यावर राहिलं. कारण तानबाजी पुढे वाकून अगदी साध्या सुरात म्हणाले, "भाऊ, आता तेवढा तांब्या उजवीकडं सरकवा. तो पोचय्या पोती उतरवायले लागला."

तिकडून पोचय्या ओरडला, "हां भाऊ, लोटा इधर करो, तब मैं दोरी बांधता!"

पोचय्या आमच्या दारात तोवर फक्त दोनदा आला होता. बाबांनी तांब्याकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या देखत तो उचलून उजवीकडे ठेवला, आणि पोचय्याने दोऱ्या बांधल्या. शेठ आणि तानबाजी एकाच परातीत जेवले, माझ्या करपलेल्या भातालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. बाबा जेवले नाहीत. ट्रक गेला. "सगळ्यायले ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाव, दिसते तं तसंच." ते म्हणाले, "मंग मले काऊन पंच केलं व त्याईनं?" याचं उत्तर मला आज येतं, आणि आलं की राग येतो. सगळ्यांना निवाडा आईचाच हवा होता, फक्त तो बाईमाणसाच्या तोंडून ऐकायचा नव्हता. म्हणून खुर्चीवर बाबा आणि धुरात आई. आणि तानबाजींचं आठवलं तर अजून अंगावर काटा येतो. शेठना ती पेज नेऊन दिली नसती, तर एका खऱ्या माणसाला मी त्या दिवशी खोटं ठरवून बसले असते, आणि तेही अभिमानाने.

चार दिवसांनी पाणी उतरलं आणि आई आली. पिशवीत वास्ते होते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि अंगाला बाळंतिणीच्या शेगडीचा वास. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. तिने वास्त्यांची सालं काढता काढता ऐकलं. तांब्याचं सगळ्यांना ठाऊक होतं हे ऐकूनही ती थांबली नाही, बहुतेक तिला ते कधीचंच कळलेलं असावं. शेवटी एवढंच विचारलं, "ट्रकाच्या भांड्यात मूठ जास्त टाकली होती का?"

मी आठवून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. टाकली होती. नमुना मोजका होता, तो वाटीभरच घातला. पण ट्रकातला तांदूळ पुष्कळ होता, ओसरीवर तीन माणसं जास्तीची होती, आणि घरी माणूस आलं की भातात मूठभर तांदूळ वाढवायचा, हे तिनेच माझ्या हाताला शिकवलं होतं. पाणी तेवढंच, तांदूळ जास्त, पेज जाड होणार नाही तर काय. "हात चांगला आहे तुहा," आई म्हणाली. "पन पंचाईतीत पाहुने नसतेत."

दिवाळी झाली, नवं धान आलं, आणि नव्या धानाबरोबर नवा वाद आला. बाबांच्या ओसरीवर पाच माणसं बसली, त्यात साक्षीला म्हणून तानबाजीही होते. आईने दोन चुली पेटवल्या. पेज वेळली, हुंगली, थेंब मनगटावर टाकला. ती ताटं आणि तांब्या घेऊन बाहेर आली, तर बाबा खुर्चीवर नव्हते. ते खाली सतरंजीवर, बाकीच्यांच्या ओळीत बसले होते. "आज मी नाई सांगत," ते म्हणाले. "जिले समजते ते सांगन. आयका." पाचही जणांनी माना खाली घातल्या. आई ताटं हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मला वाटलं ती आत निघून जाईल. ती खुर्चीवरही बसली नाही. तांब्या आणि ताटं खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पह्यले तोंडातले खर्रे थुकून या. मंग आयका."

सगळे पुरुष उठले आणि अंगणाच्या कडेला नालीपाशी ओळीने उभे राहिले. सगळ्यात पुढे बाबा. चुळा भरण्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. परत येऊन बसल्यावर आईने निवाडा दिला आणि नंतर कारण दिलं. मग आणखी एक कारण दिलं. मग शीत चिरडून दाखवलं, पेजेचा थेंब तानबाजींच्या मनगटावर टाकून दाखवला, आणि कारणांमागून कारणं अशी सांगत सुटली, की दिवेलागण होऊन गेली तरी थांबेना आणि कोणाची मध्ये बोलायची छाती होईना. बोलता बोलताच, सवयीने, तिने तांब्या उचलून बाबांच्या उजव्या हाताशी ठेवला. बाबांनी तो पाहिला. मग दोन्ही हातांनी उचलला आणि त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.